सातबारा, शेअर आणि मृत्युपत्र : बारामती–इंदापुरातील वारसा नियोजनाचा आढावा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या शेतकरी कुटुंबाची मालमत्ता एका दप्तरात मावत नाही. जमीन सातबाऱ्यावर असते. गावातले घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर किंवा नगरपरिषदेच्या कर आकारणीत असते. विहिरीतला हिस्सा चार आणे, आठ आणे अशा आणेवारीत मोजलेला असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती किंवा बिजवडीचा कर्मयोगी यांपैकी एखाद्या कारखान्याचा शेअर वडिलांच्या नावावर असतो, ठेव जिल्हा बँकेत आणि पीककर्जाचा बोजा विकास सोसायटीचा. वर एखादी विमा पॉलिसी आणि मुलाने पुण्यात घेतलेला फ्लॅट. माणूस गेल्यावर ही प्रत्येक वस्तू वेगळ्या कायद्याने आणि वेगळ्या कचेरीतून वारसांकडे जाते. वारसा नियोजनातली कायदेशीर मदत म्हणजे ही सगळी दप्तरे एकमेकांशी जुळवून घेणे. मृत्युपत्र हा त्यातला एक कागद आहे, आणि बहुतेक वेळा तो पहिला कागद नसतो.

पहिला प्रश्न असतो, मिळकत नक्की कोणाची? बोलण्यात वडिलांकडून आलेले सगळेच वडिलोपार्जित म्हटले जाते; कायदा तसे मानत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ लागू झाल्यानंतर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतून कलम ८ नुसार मुलाला जे मिळाले, ते त्याच्या हाती स्वतंत्र मिळकत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या चंदर सेन प्रकरणात सांगितले. अशा मिळकतीचे मृत्युपत्र तो पूर्णपणे करू शकतो. एकत्र कुटुंबाच्या सहदायकी जमिनीत मात्र जन्माने हक्क येतो आणि तिथे माणसाला फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. मुलींना हा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत का, हा वाद ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मिटवला: हक्क जन्माने येतो, त्यामुळे वडील कधी वारले याचा त्याच्याशी संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी तेवढी सुरक्षित राहते. तोंडी वाटणीचा दावा सहसा मानला जात नाही. सरकारी दप्तरातल्या ठोस नोंदींनी पूर्वीची वाटणी सिद्ध झाली, तरच अपवाद.

हिशेब करून पाहिला की मृत्युपत्राची मर्यादा दिसते. कालव्याखालची पाच एकर सहदायकी जमीन आहे; घरात शेतकरी, त्याची पत्नी, एक मुलगा आणि दोन विवाहित मुली आहेत असे धरू. शेतकरी वारला की त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कायदा गृहीत धरतो. पाच हिस्से पडतात, प्रत्येकी एक एकर. सगळी पाच एकर मुलाला देणारे मृत्युपत्र त्याने करून ठेवले असले, तरी त्यातून जातो तो त्याचा स्वतःचा एक एकर. मुलाकडे दोन एकर होतात, पत्नी आणि दोन्ही मुली यांचा एकेक एकर जागेवर राहतो. मृत्युपत्र नसेल, तर बापाच्या ४० गुंठ्यांचे चौघांत प्रत्येकी १० गुंठे होतात आणि प्रत्येकाला सव्वा एकर मिळते. गावोगाव ‘सगळी जमीन मुलाच्या नावे’ अशा मजकुराची मृत्युपत्रे आढळतात. न्यायालयात ती फॉर्मच्या चुकीपेक्षा या हिशेबावर जास्त अडतात. म्हणून जमीन सहदायकी असेल तिथे आधी नोंदणीकृत वाटणीपत्र आणि मग प्रत्येकाचे आपापल्या हिश्श्याचे मृत्युपत्र, हाच क्रम सुरक्षित आहे.

याच टप्प्यावर मुलींच्या सह्यांचा विषय येतो. वडिलांच्या दहाव्या-तेराव्याला माहेरी आलेल्या बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत या भागात रुळलेली आहे. ‘भावाकडे माहेर राहावे’ हे तिच्यामागचे दडपण खरे असते, आणि ते दडपण वकिलाने ओळखले पाहिजे. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच लागतो. स्टँप पेपरवर घरी घेतलेली सही पुरेशी नाही. शिवाय जो हक्क अजून उत्पन्नच झालेला नाही तो सोडता येत नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर मुलीला केवळ वारसाची आशा असते आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६(अ) नुसार नुसती आशा हस्तांतरित होत नाही. तेव्हा घेतलेले हक्कसोडपत्र पुढे कामास येईलच असे नाही. पाटस–बारामती–इंदापूर मार्गे जाणाऱ्या पालखी महामार्गासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा या सह्यांना अचानक किंमत आली. मोबदला कोणी किती घ्यायचा यावर वाद झाला, तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३एच नुसार प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते. बहिणीला ती कोणत्या कागदावर, कशाबद्दल आणि कोणता मोबदला घेऊन सही करते आहे हे वाचून दाखवणे, तिला स्वतःचा वकील गाठायला सांगणे, एवढी साधी गोष्ट झाली तरी पुढची पंधरा वर्षे कोर्टात जाणे टळू शकते.

स्त्रीच्या स्वतःच्या मिळकतीचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि मृत्युपत्राची गरज तिथेच सर्वांत जास्त आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू स्त्रीची मिळकत आधी मुले आणि नवरा यांना, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना जाते. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर येतात. निपुत्रिक विधवेने शिक्षिकेच्या पगारातून घेतलेली जागा अशा रीतीने तिच्या दिराकडे जाऊ शकते, मग म्हातारपणी तिला सांभाळणारी भाची असली तरी. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, मूलबाळ नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. शेतजमिनीवर पत्नीचे नाव सहधारक म्हणून हयातीतच लावण्याची सोय राज्य सरकारने १९९२ मध्ये ‘लक्ष्मीमुक्ती’ने केली. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आलेली ही सोय आजही वापरण्याजोगी आहे.

हे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू होतात. मुस्लिम कुटुंबांत वारसा शरियतप्रमाणे ठरतो. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापलीकडे वसीयत करायची, तर वारसांची संमती लागते. हयातीत हिबा (दान) करण्याचा मार्ग मोकळा आहे, पण त्यात ताबाही द्यावा लागतो.

मृत्युपत्राचा फॉर्म कायद्याने मुद्दाम सोपा ठेवला आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ५९ प्रमाणे सज्ञान आणि शुद्धीवर असलेला कोणीही ते करू शकतो. कलम ६३ प्रमाणे त्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार लागतात. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही माझी आहे असे त्याच्याकडून ऐकलेले असावे, आणि त्याच्यासमोर स्वतः सही करावी. स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. शेवटचे मृत्युपत्र खरे धरले जाते; नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकते.

सोपे नसते ते सिद्ध करणे. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे, साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला न्यायालयात उभे करावे लागते. गावात साक्षीला बहुधा वडिलांच्याच वयाचे दोन मित्र बोलावले जातात आणि वाद कोर्टात पोचेपर्यंत ते हयात नसतात. साक्षीदार वयाने लहान, परिसरात राहणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. १९५९ च्या वेंकटचला अय्यंगार निकालापासून न्यायालये ‘संशयास्पद परिस्थिती’ शोधतात. मृत्यूच्या आधी चार दिवस दवाखान्यात घेतलेला अंगठा, सगळ्यात जास्त लाभ मिळणाऱ्याने स्वतः धावपळ करून लिहून घेतलेला मजकूर, कारण न देता वगळलेली मुलगी किंवा पत्नी, अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या नावावरची अवघड भाषा, या त्यातल्या नेहमीच्या खुणा. दुय्यम निबंधकासमोर नोंदणी केल्याने ओळख आणि हजेरी पटते, संशय मात्र आपोआप पुसला जात नाही. म्हणून कोणाला का दिले नाही याची दोन सरळ वाक्ये, त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला आणि मजकूर वाचून दाखवल्याचा उल्लेख यांना दहा पानी कायदेशीर भाषेपेक्षा जास्त वजन असते. मृत्युपत्र गुप्त ठेवायचे असेल, तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ४२ नुसार ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

अटी घालून मृत्युपत्र करण्याची परंपरा याच जिल्ह्यात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये पुण्यात केलेल्या मृत्युपत्रात दत्तक मुलगा यशवंत याला वारस ठरवले आणि तो नालायक निघाल्यास मिळकत कशी जावी याचीही तरतूद लिहून ठेवली. पुढे काय घडू शकेल याचा विचार करून पर्याय लिहून ठेवणे आजही तितकेच गरजेचे आहे. ज्याला दिले तो आधीच वारला तर काय, दोघे भाऊ एकाच विहिरीवर राहिले तर पाण्याची पाळी कोणाची, सोसायटीचे कर्ज कोणाच्या हिश्श्यातून फेडायचे, हे लिहिलेले असावे.

जमिनीचे वर्णन हा मृत्युपत्राचा कणा आहे. गट नंबर, हेक्टर-आरमधले क्षेत्र, चतुःसीमा, विहीर आणि बोअरमधली आणेवारी, मोटारीचे वीज कनेक्शन, बांधावरून जाणारी वाट हे सगळे ताज्या उताऱ्यावरून उतरवून घ्यावे लागते. त्यापेक्षाही महत्त्वाचा असतो ‘इतर हक्क’ हा रकाना. तिथे ‘कुळकायदा कलम ४३ ला पात्र’ असा शेरा असेल, तर ती जमीन कुळ म्हणून मिळालेली आहे आणि तिच्या हस्तांतरावर बंधन आहे. १९४८ च्या याच मुंबई कुळवहिवाट कायद्याचा गुजरातमधला अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या विनोदचंद्र कापडिया निकालात सांगितले की मृत्युपत्रही या बंधनातून सुटत नाही आणि शेतकरी नसलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने शेती देणेही कलम ६३ च्या विरोधात जाते. शहरात नोकरी करणाऱ्या, नावावर शेती नसलेल्या पुतण्याला जमीन ठेवू पाहणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कलम ४३ सैल केले. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून बंधन उठवता येते. मृत्युपत्र करण्याआधी हे काम उरकलेले बरे. उजनीच्या पाण्यात गेलेल्या गावांतल्या कुटुंबांना पुनर्वसनात जमिनी मिळाल्या, जुन्या वतनांच्याही जमिनी आहेत. भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असलेल्या अशा जमिनींबाबतही शर्ती तपासल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

तुकडेबंदीचाही विचार हवा. २०२३ च्या अधिसूचनेने बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आणि जिरायतीचे २० गुंठे ठरवले. वर दाखवलेल्या हिशेबात बापाच्या हिश्श्याचे प्रत्येकी १० गुंठे होतात, म्हणजे बागायत अगदी उंबरठ्यावर येते. वारसांची नावे सामायिकात लागायला अडचण नाही. बांध घालून सरस-निरस वाटप करताना ती येते. तीन पिढ्यांची नावे एका उताऱ्यावर साठलेली असतात ती बहुतेक यामुळेच.

शेअर, ठेवी आणि विमा यांच्या बाबतीत ‘नॉमिनी लावला आहे, आता मृत्युपत्र कशाला’ हा समज खोलवर रुजला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या सरबती देवी निकालात विम्याच्या संदर्भात तो खोडला: नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. मराठी घराघरांत पोचलेल्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या वादात डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांनाही हाच नियम लावला; नामनिर्देशन ही वारशाची तिसरी वाट नाही. विम्यात २०१५ पासून एक अपवाद आहे. आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. साखर कारखान्याच्या शेअरचे हस्तांतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीकडे किंवा वारसाकडे होते. या शेअरबरोबर मतदानाचा हक्क आणि ऊस गाळपाचे सभासदत्व येते. म्हणून भावांमध्ये तो कोणाच्या नावावर जाणार यावरून जमिनीइतकाच कडवटपणा येतो. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

हयातीतच देऊन टाकण्याचा मार्ग बक्षीसपत्राचा. नवरा-बायको, मुले, नातवंडे आणि वारलेल्या मुलाची पत्नी यांना राहते घर किंवा शेतजमीन दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, स्थानिक अधिभार वेगळा. सहदायकीतला न वाटलेला हिस्सा मात्र इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, जरी त्याच हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते. वयस्क माणसाने सगळे देऊन हात रिकामे करणे हा या मार्गातला खरा धोका. आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ अधिनियम २००७ च्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. हे अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे जातात. २०२२ च्या सुदेश छिकारा निकालात अट सिद्ध झाली पाहिजे असे म्हटले गेले, २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात कायद्याचा अर्थ उदारपणे लावला गेला. दोन्हींचा व्यवहारातला अर्थ एकच: सांभाळाची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत लिहावी आणि हयातीपर्यंत राहण्याचा व उत्पन्नाचा हक्क राखून ठेवावा.

कुलमुखत्यारपत्राबद्दलही गैरसमज आहेत. परदेशात किंवा मुंबईत असलेल्या भावाने गावच्या भावाला ते दिले की जमीन त्याची झाली, असे नसते. २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने मुखत्यारपत्र आणि साठेखतावर मालकी जात नाही हे पक्के केले. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपते. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल तेवढाच अपवाद. देणाऱ्याची शुद्ध गेली तरी ते संपते. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या वतीने मुखत्यारपत्रावर व्यवहार चालू ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. बेशुद्धावस्थेतल्या रुग्णासाठी पालक नेमण्याकरिता कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमता येतो. परदेशात केलेले मुखत्यारपत्र दूतावासासमोर साक्षांकित करून, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते.

ट्रस्ट या शब्दाने बारामतीत १९७१ चे कृषी विकास प्रतिष्ठान, १९७२ चे विद्या प्रतिष्ठान अशा मोठ्या संस्था डोळ्यापुढे येतात. त्या सार्वजनिक विश्वस्त संस्था. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली चालतात. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज, स्थावर विकायचे तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी अशी शिस्त त्यांना असते. कुटुंबासाठी लागतो तो १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखालचा खासगी ट्रस्ट. त्याची खरी गरज एका प्रसंगी असते: दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आईवडिलांनंतर कोणाच्या भरवशावर राहणार, हा प्रश्न असेल तेव्हा. ठेवी, भाडे, विम्याची रक्कम अशा मालमत्तेचा ट्रस्ट करून बहीण आणि एक बाहेरचा जबाबदार माणूस यांना विश्वस्त नेमणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. शेतजमीन ट्रस्टकडे देताना मात्र कुळकायद्याचे कलम ६३ विचारात घ्यावे लागते. वारसा कर चुकवण्यासाठी ट्रस्ट करा, हा सल्ला या भागात निरर्थक आहे, कारण मृत्यूनंतरचा संपदा कर भारतात १९८५ पासून नाही.

मृत्यूनंतरची पायरी तलाठी कार्यालयात सुरू होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. नमुना ६क मध्ये वारसांची नोंद होते, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडल अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. फेरफार महसुलासाठी असतो, मालकी ठरवत नाही. वाद खरा असेल तर दिवाणी दावाच करावा लागतो. मृतांची नावे काढून वारसांची नावे लावण्यासाठी एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली गेली, यावरूनच जुन्या नावांचा साठा किती होता ते कळते. प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांपुरती होती. इथल्या हिंदू कुटुंबाच्या इथल्या मिळकतीसाठी ती कधीच नव्हती. ठेवी आणि शेअरसाठी बँका मागतात तो उत्तराधिकार दाखला १९२५ च्या कायद्याने मिळतो, आणि वारस दाखला आजही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालय देते.

मदत मिळण्याची ठिकाणे तालुक्यातच आहेत. बारामतीत अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय आहे, इंदापुरात दिवाणी न्यायालय. दोन्हीकडे तालुका विधी सेवा समिती काम करते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी एका बहिणीने तिथे जाऊन तासभर बोलणे याच कायद्यात बसते. विधी सेवेची मदतवाहिनी १५१०० आहे. वाटणीचे दावे लोकअदालतीत तडजोडीने निघाले, तर निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीत स्थावराचे हिस्से ठरत असतील तर गट नंबर, क्षेत्र आणि विहिरीतली आणेवारी त्या निवाड्यातही मृत्युपत्राइतकीच काटेकोर लिहावी लागते, कारण पुढचा फेरफार त्याच मजकुरावर होतो.